दुधाचे देणे

आश्विन महिना भिंतीवरच्या कॅलेंडरात फार देखणा दिसतो. घटस्थापना, दसरा, कोजागिरी, वसुबारस, धनत्रयोदशी, एकेका चौकोनात एकेक सण कसा अलगद बसवलेला असतो! पण त्याच चौकोनांतून जिला पायी चालत जायचे असते त्या घरातल्या बाईला विचारा. नवरात्राचे पारणे होते न होते तो मुलांची सहामाही दारात उभी. सहामाहीचा अभ्यास घेता घेता माळ्यावरचे डबे खाली काढायचे, भाजणी दळून आणायची, अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे आणि त्यांचे पाणी रोज बदलायला विसरायचे नाही. परतीचा पाऊस नेमका वाळत घातलेल्या रजयांवर येणार. त्यातच ऑक्टोबरचा उकाडा, घरोघर ताप, आणि तो साधा की डेंग्यूचा हे कळेपर्यंत कुणाच्या जिवात जीव नाही. घरात तान्हे मूल असले तर मग बोलायलाच नको. रात्री त्याने झोपू द्यायचे नाही आणि दिवसा चकलीने.

अशा ऐन गर्दीत संपादकांचा निरोप येतो : "दिवाळी अंकासाठी सदर जरा मोठे लिहा. विषय मातृत्व, श्रद्धा, कृतज्ञता असा काही तरी मंगल असावा." मंगल विषय! अहो, 'कृतज्ञता' हा शब्द नुसता शुद्ध लिहायचा तरी लेखणी क्षणभर थांबते; तो मनात यायला त्याहून अधिक फुरसत लागत असेल, नाही का?

हल्ली एक नवी रीत निघाली आहे. रात्री निजण्यापूर्वी वहीत पाच गोष्टी लिहायच्या. आज कशाकशाबद्दल मन भरून आले त्या. रीत वाईट नाही. माझ्या एका मैत्रिणीने तशी सुरेख वही आणली होती, कापडी पुठ्ठ्याची, मध्ये रेशमी फीत असलेली. तिचे बाळ तेव्हा पाच महिन्यांचे. दीड महिन्याने सहज उघडून पाहिली, तर पहिल्या पानावर एकच नोंद : 'आज तो दुपारी झोपला.' पुढच्या पानांवर औषधांच्या वेळा, डायपरचा हिशेब आणि दूधवाल्याचे खाडे. मला तर ती वही फार आवडली.

आपल्याकडे आईचे गोडवे गायला कुणी कधी हात आखडता घेतलेला नाही. उदाहरण म्हणून हिरकणी तर आहेच. रायगडाचे दरवाजे मिटले, गवळण आत अडकली, घरी तान्हे मूल; म्हणून ती काळोखात अवघड कडा उतरून गेली, आणि महाराजांनी पुढे तिथे बुरूज बांधवला, अशी ती कथा. कोजागिरीची रात्र होती असेही सांगतात. हिरकणी बुरूज आजही गडावर दाखवतात. एस.टी.च्या स्थानकांवर आणि कचेऱ्यांतून अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी जी खोली असते तिलाही आपण 'हिरकणी कक्ष' असे नाव दिले आहे. नाव मला आवडते. पण ही कथा ऐकून झाली की माझ्या मनात एक घरगुती शंका उरते. तो कडा उतरून होईपर्यंत हिरकणीचे मूल होते कुणाजवळ? शेजारपाजार कुणी नव्हते का? एखादी जाऊ, एखादी म्हातारी? बुरूज बांधताना हे कुणी विचारले नाही. आई म्हणजे एकटीने कडा उतरणारी बाई, एवढे चित्र पक्के झाले. आणि मग आपण सगळ्याजणी आपापल्या स्वयंपाकघरात आपापला कडा उतरत बसलो.

ही शंका मला पुस्तके वाचून आलेली नाही. तीन वर्षांपूर्वीच्या आश्विनात आमच्या घरात जे घडले त्यातून ती आली, आणि संपादकांच्या मंगल विषयाचे माझ्याजवळ जे काही आहे तेही त्याच वेळचे आहे.

आमची धाकटी मुलगी दुर्गाष्टमीच्या दिवशी जन्मली. जन्मायची होती मार्गशीर्षात. माझे ब्लडप्रेशर एकाएकी चढले आणि डॉक्टरांनी अधिक थांबायला साफ नकार दिला. तेहतिसावा आठवडा, वजन १४२० ग्रॅम. आमच्या वाण्याकडे दीड किलो रव्याची पुडी होते, तिच्याहूनही कमी. मला तिचा नुसता पाय दाखवला आणि काचेच्या पेटीत ठेवायला घेऊन गेले. घरी पाच वर्षांची थोरली, तिची सहामाही आठ दिवसांवर. सासूबाईंचा गुडघा सुजलेला. आणि 'हे' कचेरी, घर व इस्पितळ या त्रिकोणात लोकलच्या वेळा सांभाळत धावताहेत. यांच्या आत्याबाईंचा फोन आला. "कितव्यातलं? आठव्यातलं? सातव्यातलं असतं तर बरं होतं गं!" सातव्या महिन्यातले मूल जगते नि आठव्यातले जगत नाही, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. ती निखालस खोटी आहे. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. हे डॉक्टरांनी मला दोनदा समजावून सांगितले. पण रात्री दोन वाजता आठवतात त्या आत्याबाई, डॉक्टर नव्हे.

एवढ्याशा बाळाला चोखता येत नाही. नाकातोंडातून पोटापर्यंत बारीक नळी घालतात आणि दर दोन तासांनी ३ मिलिलिटर दूध सोडतात. तीन मिलिलिटर म्हणजे चहाचा अर्धा चमचा. एवढेही मला येत नव्हते. सिस्टरने सुईशिवायच्या पिचकारीने माझ्या चिकाचे चार थेंब टिपून घेतले. पूर्वी कितीतरी घरांत हा चीक पिळून टाकीत. आता तो सोन्याहून जपतात, कारण बाळाचे रोगापासून पहिले रक्षण त्यातच असते. पण चार थेंबांनी पोट भरत नाही. मी विचारले, "मग आता वरचं दूध देणार?"

"वरचं कशाला? आपल्याकडे पेढी आहे ना," सिस्टर म्हणाल्या.

ही दुधाची पेढी. आईच्या दुधाची आशियातली पहिली पेढी मुंबईतच, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली सुरू केली. माझे इस्पितळ दुसरे होते. पण वाट तीच. ज्या आयांना आपल्या बाळाला पुरून दूध उरते त्या ते काढून देतात. त्यांचे रक्त आधी तपासलेले असते. तिघीचौघींचे दूध एकत्र करतात, ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवतात, त्यात जंतू नाहीत याची खात्री करून घेतात, आणि उणे २० अंशांवर गोठवून ठेवतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची आतडी इतकी कोवळी असतात की डब्यातल्या पावडरीच्या दुधाने त्यांना जीवघेणा दाह होण्याची भीती पुष्कळ वाढते. परक्या का होईना, आईच्या दुधाने ती कमी होते. या दुधाला पैसे पडत नाहीत आणि देणारीला पैसे मिळतही नाहीत. मानवी दुधाची विक्री करायला आपल्या देशात परवानगी नाही, असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२४ च्या मे महिन्यात पुन्हा एकदा बजावले, ते योग्यच झाले. ही वस्तू बाजारात गेली की गरिबाघरचे बाळ उपाशी राहायला किती वेळ लागणार?

मी सिस्टरना विचारले, "कुणाचं दूध आहे हे?"

"नाव नसतं. नंबर असतो."

माझ्या मुलीच्या पोटात पहिल्याने जे अन्न गेले त्याच्यावर असा एक नंबर होता. तो मी वाचला होता. आता आठवत नाही.

जन्मानंतरच्या सहाव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे नशीब लिहून जाते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पाटा-वरवंट्याची पूजा करायची, कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, रात्रभर दिवा विझू द्यायचा नाही. बाळ इस्पितळात, बाळंतीण इस्पितळात. तरी सासूबाईंनी घरी पूजा मांडलीच. आमच्याकडे आता पाटा-वरवंटा कुठला? मिक्सरची पूजा करावी की काय, असे यांनी विचारले तेव्हा त्यांनी यांच्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिचे वर्णन हे अजून करतात. शेवटी मागच्या जुन्या चाळीतून वरवंटा उसना आला, आणि थोरलीने आपल्या चित्रकलेच्या वहीतला एक कागद दिला.

त्या रात्री मी पेटीशेजारी स्टुलावर बसले होते. बाळाच्या पायाशी एक तक्ता टांगलेला असे. सिस्टर रोज रात्री त्यात वजन लिहीत. १४२०, १३९०, १३५०, १३३०, १३१०. पहिल्या दिवसांत ते उतरतेच, घाबरायचे नाही, असे सांगून ठेवलेले होते. तरी प्रत्येक आकड्याबरोबर माझ्या पोटात एक पायरी निसटायची. सहाव्या रात्री सिस्टरनी बाळाला ताग्यात घालावे तसे हलकेच काट्यावर ठेवले, पेन झटकले आणि पुन्हा १३१० लिहिले. उतरले नव्हते. सटवाई काय लिहिते ते आजवर कुणी वाचलेले नाही. मी मात्र त्या रात्री तिचे अक्षर पाहिले, असेच मला वाटले. किंचित डावीकडे झुकणारे, निळ्या शाईचे.

दहा वाजता आयांना बाहेर काढीत. दार लागे. आत सव्वीस बाळे आणि तिघी सिस्टर. मी देवभोळी नाही. आणि देवावर रागावलेली अशीही कधी नव्हते. श्रद्धा म्हणजे काय, असे कुणी विचारले असते तर मी मान खाली घालून गप्प बसले असते. पण त्या बंद दाराकडे पाठ करून वॉर्डापर्यंतचा बोळ चालत जायचे, खाटेवर आडवे व्हायचे, आणि आपले १३१० ग्रॅम वजनाचे मूल ज्यांची नावेही आपल्याला नीट ठाऊक नाहीत अशा तीन बायकांच्या हाती सोपवून डोळे मिटायचे. ते जेव्हा मला सातव्या रात्री जमले, तेव्हा जे जमले त्यालाच लोक श्रद्धा म्हणत असावेत. पहाटे पाचापर्यंत गाढ झोपले. दुसऱ्या दिवशी दूध वाढले. या दोहोंचा संबंध आहे, असे सिस्टरही म्हणाल्या.

दूध काढायची एक लहानशी खोली होती. पाच खुर्च्या, उकळलेल्या स्टीलच्या वाट्या, भिंतीवर हात कसे धुवायचे त्याचे चित्र. तिथे कुणाला नाव नसे. "ए, अकरा नंबरची आई! ए, चारची!" अशी हाक पडे. चार नंबरची आई वरळीची कोळीण, तिच्या आवाजाने खोली भरून जाई. एक बँकेत अधिकारी होती, ती वाटी डाव्या हातात धरून उजव्या हाताने कचेरीच्या फोनना उत्तरे देई. एक कुर्ल्याची मुसलमान मुलगी, जेमतेम बावीस वर्षांची. तिला भरपूर दूध येई, पण पेढीला द्यावे की नाही अशा पेचात ती पडली होती. त्यांच्यात एका आईचे दूध प्यालेली मुले भावंडे ठरतात, पुढे त्यांचे लग्न होऊ शकत नाही. आणि बाटलीवर तर नाव नसते. तिने घरी विचारले आणि अखेर दिले नाही. कुणी तिला बोल लावला नाही. पण जिला दूध येत नसे तिच्या मागे उभी राहून ती पाठ चोळून देई. ती विद्या तिला कुणी शिकवली होती कोण जाणे. माझा तरी पहिला वाटीभर पान्हा तिच्या हाताखाली उतरला.

आणि नऊ नंबरची आई होती.

तिचे बाळ तिसऱ्या दिवशी गेले. चौथ्या दिवशी ती त्या खोलीत आली. दूध थोडेच थांबते? छाती दगडासारखी झाली होती, अंगात ताप होता. सिस्टर तिला समजुतीने म्हणाल्या, की हळूहळू कमी करता येईल, पाहिजे तर डॉक्टर गोळी देतील. ती खुर्चीवर बसली. "आधी हे उतरू दे," एवढेच म्हणाली. वाटी भरली, दुसरी भरली. आम्ही चौघीही खाली मान घालून बसलो होतो. त्या कोळणीचासुद्धा आवाज नाही. वाट्या भरल्यावर सिस्टरनी त्या उचलल्या आणि मोरीकडे वळल्या, तर ती म्हणाली, "टाकताय का?" सिस्टर थांबल्या. मग त्यांनी तिला कागद आणून दिला, समजावून सांगितला, आणि तिने सही केली. ती आणखी तीन दिवस येत होती, सकाळ-संध्याकाळ. चौथ्या दिवशी तिचा नवरा न्यायला आला. जाताना तिने खोलीच्या दारातून आत पाहिले आणि आम्हाला म्हणाली, "येते हं." आपण हळदीकुंकवाहून निघताना म्हणतो ना, तसे.

माझ्या मुलीला त्या दिवसांत अजून पेढीचे दूध लागत होते. त्यात तिचा थेंब होता की नव्हता, ते कुणीही सांगू शकणार नाही. असेल असे वाटून मला रडू येई, नसेल असे वाटूनही येई. संपादक महाशय, कृतज्ञता हा मंगल विषय आहे असे तुम्ही म्हणता. मला ती पहिल्यांदा ज्या रूपाने भेटली ते मंगल नव्हते. माझे मूल घोटभर पीत होते आणि कुणाचा तरी पाळणा रिकामा होता. आभार मानावेत तर कोणत्या तोंडाने? आणि न मानता राहावे तर ते दूध नळीतून थेंब थेंब उतरताना डोळ्यांसमोर दिसते.

मी हे सासूबाईंना सांगितले. त्या दहाव्या दिवसापासून इस्पितळात येऊ लागल्या होत्या, बाळाला छातीशी धरायला. हा कांगारूसारखा उपचार. दक्षिण अमेरिकेतल्या बोगोटा शहरी १९७८ च्या सुमारास काचेच्या पेट्या कमी पडू लागल्या, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली, आणि ती अधिक जगू लागली. आता पेट्या असल्या तरी असेच करतात. आणि आई थकली तर बाप, आजी, कुणीही चालते. सासूबाईंचे वय अडुसष्ट. पुढून उघडणारा तो इस्पितळाचा झगा घालायला त्यांना आधी भयंकर संकोच वाटला. "डॉक्टर पुरुष आहेत गं!" मग एकदा बसल्या त्या दोन तास जागच्या हलल्या नाहीत, सुजलेला गुडघा तसाच दुमडलेला. उठताना म्हणाल्या, "आम्हाला कापसात ठेवायचे, शेगडीजवळ. डॉक्टरांना आत्ता कळलं होय!"

मी नऊ नंबरची गोष्ट सांगितली तेव्हा बाळ त्यांच्या छातीशी होते. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमचे मामा येतात ना भाऊबीजेला, चिपळूणहून?"

हे मामा लग्न झाल्यापासून मी पाहत आले आहे. दर भाऊबीजेला एक पोहे-तांदळाची पिशवी घेऊन उतरतात, ओवाळून घेतात, पाटावर बसून जेवतात आणि रात्रीच्या गाडीने परत जातात. आडनाव निराळे, जातही निराळी. कुणीतरी मानलेले भाऊ असतील एवढेच मी समजत होते.

"त्याची आई बाळंतज्वरानं गेली. मी तेव्हा महिन्याची. माझ्या आईनं दोघांना पाजलं, एका अंगावर मी, एका अंगावर तो. आठ महिने. गावात कुजबुज झाली. आजोबा म्हणाले, कुजबुजणाऱ्यांच्या घरात पाजती बाई असेल तर तिला पाठवा, आमची थांबवतो. कुणी आलं नाही." त्यांनी बाळाची टोपी सारखी केली. "त्याची आई वर कुठे असेल तिथे तिला वाईट वाटलं असेल का गं, आपल्या मुलाला दुसरी पाजते म्हणून?"

मी म्हटले, "नाही वाटलं असणार."

"मग ही तर बाई जिवंत आहे. तिला तू काय विचारायचं ते विचारून घे. मला कशाला विचारतेस?"

विचारायला ती कुठे भेटणार? पण हे बोलणे मला पुरले.

घरचे तुम्ही विचाराल. घर कुणी ना कुणी चालवीत होते. खालच्या मजल्यावरच्या वहिनी थोरलीला जेवू घालीत आणि तिचे पाढे घेत. सहामाहीत तिला गणितात पूर्वी कधी नव्हते इतके गुण मिळाले. दिवाळीचा फराळ सात घरांतून आला. सात तऱ्हेच्या चकल्या, कुणाची कडक, कुणाची मऊ, आणि एक डबा चिरोट्यांचा, ज्याचे घर अजून सापडलेले नाही. डबा मी जपून ठेवला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत, गावातल्याच बायकांना शिकवून घरोघर तान्ही बाळे सांभाळायला लावले, आणि तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. ही हकीकत १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकाच्या साप्ताहिकात छापून आली तेव्हा जगाला तिचे नवल वाटले. आपल्या आज्यांना वाटले नसते. गावची शिकलेली सुईण दारात येणे, बाळाला ऊब देणे, श्वास मोजणे, आईला पाजायला बसवणे. यंत्राइतकेच ते कुणी तरी दारात येणेही कामाचे असते. हिरकणीच्या घराशी अशी एखादी येऊन बसली असती, तर बुरूज कदाचित बांधला गेला नसता आणि कुणाचे काही बिघडलेही नसते.

त्या वर्षीच्या वसुबारसेला धाकटी एकोणीस दिवसांची होती. वजन १४९०. नळी काढून तिला पलाड्याने पाजू लागले होते. पलाडा म्हणजे दुसरे काही नाही, आपले बोंडलेच. आमच्याकडे त्या दिवशी गहू आणि गाईचे दूधदुभते वर्ज्य असते, बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. दूध त्या दिवशी वासराचे. दरवर्षी मी देवळाबाहेरच्या गाईला चारा घालून येत असे. त्या वर्षी सासूबाईंनी चांदीची गाय-वासरे पुजली आणि मी इस्पितळात भाकरीचा डबा खाल्ला. दुपारी त्या खोलीत बसले असताना वाटी भरली, मग दुसरीही भरली. बाळाला पुरून उरले. माझी रक्ततपासणी झालेली होतीच. सिस्टरनी मला कागद आणून दिला आणि मी सही केली. कोळीण म्हणाली, "बघा, आली की नाही गाय चाऱ्यावर!" आणि आम्ही सगळ्या इतक्या हसलो की सिस्टरनी दार लोटून घेतले.

ही गोष्ट करायला पुण्य वगैरे लागत नाही, म्हणून इथेच सांगून ठेवते. तुमच्या घरी पाजती सून किंवा लेक असेल, ती निरोगी असेल आणि तिच्या स्वतःच्या बाळाचे पोट भरून दूध उरत असेल, तर जवळच्या मोठ्या सरकारी किंवा पालिकेच्या इस्पितळात दुधाची पेढी आहे का, एवढे विचारा. सगळीकडे नाही, पण आता पुष्कळ शहरांत आहे. घरच्या घरी काढून शेजारच्या बाळाला परस्पर देऊ नका. तपासणी आणि तापवणे यांशिवाय ते सुरक्षित नाही. आपले बाळ मात्र आधी.

भाऊबीजेला मामा चिपळूणहून आले ते घरी न जाता थेट इस्पितळाच्या फाटकाशी. आत इतक्यांना सोडीत नाहीत. सासूबाई खाली उतरल्या आणि चहाच्या टपरीशेजारी, पिंपळाखाली, स्टीलच्या ताटलीतली निरांजने वाऱ्यापासून पदराने झाकून त्यांनी आपल्या दूधभावाला ओवाळले. टपरीवाल्याने त्या दोघांकडून चहाचे पैसे घेतले नाहीत. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास आम्ही धाकटीला घरी आणले, १९०० ग्रॅम.

माझ्या दोन्ही मुलींना सख्खा भाऊ नाही. ज्यांना भाऊ नसतो त्या चंद्राला ओवाळतात, ही आपली रीत, आणि थोरली ती दरवर्षी मोठ्या टापटिपीने पाळते. ती आता आठ वर्षांची आहे. दूधभाऊ म्हणजे काय, ते तिने आजीकडून समजून घेतले आहे. परवा तिने मला विचारले, की धाकटीचे या गावात एकूण दूधभाऊ किती? मी म्हटले, ठाऊक नाही बाई. एकेका बाटलीत चौघीचौघींचे दूध, आणि बारा दिवस. तिने वहीच्या मागच्या पानावर गुणाकार करून पाहिला आणि तबक लहान पडेल, असा निकाल दिला. सासूबाईंनी लगेच माळ्यावरून पितळेची परात काढायला सांगितली आहे. तीन वर्षांची धाकटी यंदा पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने ओवाळणार. द्वितीयेची कोर लवकर मावळते, आणि समोर नवी इमारत उठल्यापासून तर फारच लवकर. तेव्हा सव्वासहालाच वर जायचे ठरले आहे. गच्चीची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरींकडून मी आत्ताच मागून ठेवली आहे.